डाव्या बाजूचं पायदान

आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकलींना डाव्या बाजूला, मागच्या चाकापाशी एक लोखंडी जाळी असते आणि जाळीच्या खालच्या अंगाला वीत-दीड वीत लांबीचं एक आडवं पायदान. जाळीला साडीगार्ड म्हणतात, पायदानाला लेडीज फुटरेस्ट. नव्या गाडीवर ही दोन्ही लागून येतात आणि कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांवरून पहिल्या आठवड्यातच उतरतात. गाडीच्या रूपाला ती शोभत नाहीत, असं पोरांचं म्हणणं. कुठल्याही गॅरेजच्या कोपऱ्यात जुन्या टायरांशेजारी अशा जाळ्या आणि पायदानं पडलेली दिसतात. भंगारवाला ती किलोवर नेतो.

आमच्या घरची स्प्लेंडर १९९८ सालची. तिच्यावरचं पायदान गेल्या वर्षापर्यंत जागच्या जागी होतं. ते मी काढलं, पण रूपासाठी नव्हे. आईनं सांगितलं म्हणून काढलं. आईचं वय ६६. त्या पायदानावर तिनं पंचवीसहून जास्त वर्षं पाय ठेवले होते.

गाडी खरं तर आण्णांची. त्यांना काचबिंदू झाला. या आजारात कडेची नजर आधी जाते आणि समोरचं बराच काळ नीट दिसत राहतं, त्यामुळे आपलं काही गेलंय हे माणसाला पटतच नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलं तेव्हा आण्णांनी किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि एकच काम सांगितलं : दर पंधरवड्याला आईला निपाणीला नेऊन आणायचं. निपाणीला माझी आजी असते, आईची आई, ८८ वर्षांची. कोल्हापूरहून अंतर चाळीसेक किलोमीटर. एसटी आहे, वडाप आहे. पण स्टँडवर उतरून पुढे चालणं आलं, आणि आईला गाडीचीच सवय.

पहिल्या दोन खेपांना ती नेहमीसारखी बसली, दोन्ही पाय डावीकडे सोडून. दुसऱ्या खेपेहून परत आल्यावर पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "पुढच्या खेपेला मी गड्यासारखी बसतो."

आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते पुढचं. "आणि ते पायदान काढून टाक," ती म्हणाली, "नडगीला लागतंय."

नडगीला लागतं हे तिला कसं कळलं, तर तिनं आधीच बसून पाहिलं होतं. दुपारी आण्णा झोपलेले असताना, गाडी मधल्या स्टँडवर उभी असताना, ओट्यावरून पाय टाकून. एकदा नाही, तीन-चार दुपारी.

* * *

कारण मी विचारलं नाही. आमच्या घरात ते सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी ते बोलत नाही.

२००९ च्या पावसाळ्यात आईची धाकटी बहीण गेली. काका आणि मावशी एका बारशाहून परत येत होते. संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस. एका गावाबाहेर नवा गतिरोधक झाला होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, अलीकडे फलक नव्हता. काकांना तो दिसला तेव्हा चाक त्याच्यावर होतं. गाडी उडाली, पुन्हा टेकली, थोडी वाकडी होऊन सरळ झाली. काका गाडीवरच होते. मावशी मागे रस्त्यावर पडली होती. डोक्याला मार होता. तिसऱ्या दिवशी कोल्हापुरात, दवाखान्यात ती गेली.

'गतिरोधकानं घात केला,' असं सगळे म्हणाले. ते खरंही होतं. इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवलंय : गोलाकार उंचवटा, उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, म्हणजे ताशी २५ किलोमीटरनं आलेली गाडी धक्का न बसता वरून जाईल. वर पट्टे रंगवायचे, अलीकडे फलक लावायचा. आपल्याकडे गावोगाव जे असतात ते रस्त्यावर आडवी टाकलेली डांबराची वळकटी असतात. चाक त्यावर चढत नाही, आपटतं.

पण काका गाडीवर राहिले आणि मावशी पडली, यात दोघांच्या बसण्याचाही भाग होता. दोन्हीकडे पाय टाकून बसलेला माणूस गाडीला मांड्यांनी धरून असतो. सीट उसळली की तो तिच्याबरोबर उसळतो आणि तिच्यावरच परत येतो. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला मांड्यांची पकड नसते. तिचं सगळं धरणं दोन हातांवर : उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर, डावा मागच्या दांडीवर. त्यातला एक हात बहुतेक वेळा पिशवीवर, पदरावर किंवा मुलावर असतो. वजन मधोमध नसून डावीकडे झुकलेलं, म्हणून चालवणारा नकळत उजवीकडे अंग टाकून तोल सांभाळतो. वळणावर गाडी कलते तेव्हा मागच्या बाईला तिच्याबरोबर कलता येत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला पुढचं दिसत नाही. चालवणाऱ्याला गतिरोधक दिसला की त्याचं अंग आपोआप सावध होतं, हँडलवरची मूठ आवळते. मागे आडवी बसलेली बाई शेताकडे पाहत असते. तिला गतिरोधक कळतो तो सीटमधून.

मावशीच्या तेराव्याला जमलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या गाड्यांवर बसून घरी गेल्या. सगळ्या एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या. आईही. दुसरं काही करता येईल असं तिथे कुणाच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही. पाचवारी साडी नेसलेल्या बाईला मोटरसायकलवर दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं बसता येतं?

* * *

साडी आणि मोटरसायकल यांची ही तडजोड कायद्यालाही ठाऊक आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की दोन माणसांना बसता येईल अशा प्रत्येक मोटरसायकलला मागच्यासाठी धरायला पक्की दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं. नियमात साडी हा शब्द नाही, बाई हा शब्द नाही. पण तो कुणासाठी आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

नियम चांगलाच आहे. पदर चाकात जाऊन गळ्याला फास बसल्याच्या, ओढणी गुंडाळली जाऊन बाई खाली खेचली गेल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. जाळीनं अशा कितीतरी घटना टळत असतील. पण त्यातलं एक माझ्या लक्षात राहतं. नियमानं कपड्याची काळजी घेतली आणि बसण्याला हात लावला नाही. मोटार वाहन कायद्याचं १२८ वं कलम मागच्या माणसाला नीट पक्क्या सीटवर बसवा म्हणतं, १२९ वं कलम दोघांनीही हेल्मेट घाला म्हणतं. कुठल्या बाजूला तोंड करून बसा, हे कुणीच म्हणत नाही. ते रिवाजावर सोडलं आहे. आणि रिवाजाला सोय म्हणून कारखान्यानं पायदान दिलं.

अशी सोय देण्याची कल्पना मोटरसायकलीहून फार जुनी. बोहेमियाची ॲन १३८२ साली इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डची राणी झाली. तिकडच्या बायकांनी घोड्यावर एका बाजूला बसण्याची चाल रुळवली याचं श्रेय परंपरेनं तिला दिलं जातं. ते खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर आडवी ठेवलेली एक खुर्चीच होती आणि पाय ठेवायला खाली एक फळी. त्या फळीवर दोन्ही पाय ठेवून बसलेली बाई ऐटीत दिसे. पण तिचं तोंड घोड्याच्या दिशेला नसे, म्हणून लगाम तिच्या हाती असून उपयोग नसे. घोडा दुसऱ्या कुणीतरी धरून न्यावा लागे. पुढे सोळाव्या शतकात खोगिराला पुढे शिंग आलं, त्यात गुडघा अडकवून बाईला समोर तोंड करता आलं. एकोणिसाव्या शतकात दुसरं शिंग आलं तेव्हा कुठे तिला घोडा उडवता येऊ लागला. साडेचारशे वर्षं खोगीर सुधारत गेलं. पाय दोन्हीकडे टाकावेत, ही सुधारणा तेवढी त्या काळात कुणी केली नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच नव्हता. नऊवारीचा काष्टा घातला की पाय मोकळे. निपाणीच्या वाटेवर कागल लागतं. त्या कागलच्या सर्जेराव घाटग्यांची मुलगी बायजाबाई ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांना दिलेली होती. दौलतराव १८२७ मध्ये गेल्यावर १८३३ पर्यंत तिनं ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. सत्ता गेल्यानंतर १८३५ मध्ये ती फतेहगडला छावणी करून होती, तेव्हा फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायला जात असे. पार्क्सचं प्रवासवर्णन १८५० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ही हकिगत आहे. छावणीतल्या मराठा बायका उत्तम घोडा फेकत. त्यांना इंग्रज बाईचं एकीकडे पाय टाकून बसणं पाहून हसू आलं. असं वाकडं कसं बसता येतं, हे त्यांना कळेना. मग त्यांनी तिला आपल्या पद्धतीनं घोड्यावर बसवलं. बसल्यावर पार्क्सला पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे किती सुरक्षित वाटतंय.

त्यानंतर दीडशे वर्षांनी त्याच कागलवरून माझी आई आण्णांच्या मागे एका बाजूला पाय सोडून जात होती. मधल्या काळात घोडा गेला होता आणि नऊवारी गेली होती. नऊवारी जाऊन पाचवारी आली ती शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, शहरात राहणाऱ्या बाईचं वस्त्र म्हणून. आईच्या पिढीला पाचवारी म्हणजे पुढे जाणं होतं. पुढे जाताना पाय मात्र एकत्र बांधले गेले. आणि मग मोटरसायकल आली तेव्हा त्या बांधलेल्या पायांसाठी डावीकडे एक पायदान लावावं लागलं.

हे सगळीकडे आपोआप होतं असंही नाही. इंडोनेशियात आचे प्रांतातल्या ल्होकसुमावे शहरात जानेवारी २०१३ मध्ये प्रशासनानं पत्रक काढलं, की बायकांनी मोटरसायकलवर मागे दोन्हीकडे पाय टाकून बसू नये, एका बाजूला बसावं. ते शालीन दिसतं. तिथे निदान पत्रक तरी काढावं लागलं. आमच्या गल्लीत कधी कुणाला काही सांगावं लागलं नाही.

* * *

आता पायदानाची दुसरी बाजू सांगायला हवी, कारण ते नुसतंच बंधन होतं असं म्हणणं खोटं ठरेल.

आण्णांनी गाडी घेतली तेव्हा मी शाळेत होते. गाडीबरोबर आलेलं पायदान गुळगुळीत होतं. पावसात त्यावरून आईची चप्पल सटकायची. आण्णांनी जुन्या टायरचा एक तुकडा कापला, त्याला दोन भोकं पाडली आणि चपट्या डोक्याच्या दोन बोल्टांनी तो पायदानावर बसवला. रबर झिजलं की नवं. असे चार-पाच तुकडे तरी त्यांनी बदलले असतील. एकदा आईच्या पायाजवळ दळणाचा डबा ठेवून आणताना पायदान वाकलं, तर ते सोडवून लोहाराकडे नेलं, सरळ करून आणलं आणि खाली आधाराला एक पट्टी जोडून घेतली. आण्णांना गोड बोलता येत नाही. आईसाठी त्यांनी काय केलं याची यादी करायला बसलं तर त्या रबराचा नंबर बराच वर लागेल.

आणि आईनंही त्या पायदानावर संसार केला. माझा भाऊ तान्हा असताना तिच्या मांडीवर, मी पुढे टाकीवर. गणपतीची मूर्ती तिनं मांडीवर घेऊन आणली. भांडी, रोपं, एकदा तर पंखा. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्याला मांडी नसते. मांडी ही एका बाजूला बसणाऱ्या बाईकडे असते आणि घरातलं बरंचसं सामान त्या मांडीवरून आलेलं असतं. पायदान नसतं तर पाय लोंबकळत राहिले असते आणि मांडी झाली नसती.

म्हणून आई 'काढून टाक' म्हणाली तेव्हा मी आधी आण्णांकडे पाहिलं. ते पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत होते. "काढायचं तर काढ," ते म्हणाले. "बोल्ट गंजलेत. आधी रॉकेल सोड. जोर लावू नकोस, आटे जातील."

गॅरेजवाला ओळखीचा. तो म्हणाला, "राहू दे की ताई, चढायला पायरी होतीया." त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण ते पायदान दोन पाय टेकवण्यासाठी केलेलं असतं, सगळं अंग पेलण्यासाठी नव्हे; त्यावर चढायला गेलं तर आधी ते वाकणार आणि मग माणूस पडणार. दोन्हीकडे पाय टाकून बसायचं तर पाय ठेवायचे ते आतल्या, घडीच्या फुटरेस्टवर. आणि आईचा डावा पाय तिथे ठेवला की बाहेर आलेलं हे पायदान तिच्या नडगीला खरोखरच घासत होतं.

"मग जाळी पण काढून टाकू," तो म्हणाला, "एकदम मोकळी दिसंल."

जाळी मी ठेवली. नियम जाळी मागतो हे एक. आणि आई आता पंजाबी ड्रेस घालणार होती, ओढणी घेणार होती. वाऱ्यावर सुटलेली ओढणी पदरापेक्षा वाईट. पदर निदान खोचलेला असतो. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय कळत नाही काय? कमरेला बांधतो."

रॉकेल सोडून रात्रभर ठेवलं. सकाळी बाराच्या रिंग पान्यानं वरचा बोल्ट सुटला. खालचा सुटेना. आण्णा बाहेर येऊन ओट्यावर बसले. त्यांनी हातानं चाचपून बोल्ट शोधला, पाना घातला आणि हातोडीनं पान्याच्या शेपटावर दोन हलके ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला बोल्ट करकरला. पुढे माझ्याकडे देऊन म्हणाले, "आता तू." नट, वायसर, बोल्ट काढून मी वाटीत ठेवले. पायदान हातात आलं तेव्हा वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. लोहारानं जोडलेल्या पट्टीचं वजन असावं. सगळं मिळून अर्धा तासही लागला नाही.

आण्णांनी पायदान फडक्यानं पुसलं. रबराचा तुकडा अजून चांगला होता. "हा ठेव," म्हणाले, "कशाला तरी होईल." पायदान कुठे ठेवायचं ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते त्यांच्या हत्यारांच्या पेटीत, तळाला, फडक्यात गुंडाळलेलं होतं.

* * *

बसण्यापेक्षा चढणं अवघड निघालं. ६६ व्या वर्षी जमिनीवर उभं राहून सीटवरून पाय पलीकडे टाकणं आईला जमण्यासारखं नव्हतं. मी गाडी ओट्याला लावली. ती ओट्यावर उभी राहिली, उजवा पाय उचलून पलीकडे टाकला, माझे दोन्ही खांदे धरले आणि बसली. अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून आदल्या रात्री तिनं वेणी घालून पाहिली होती. चाळीस वर्षांनी वेणी घातली, असं म्हणाली. गल्लीत दोन-तीन दारांतून बायका बघत होत्या. कुणी काही बोललं नाही. समोरच्या काकूंनी फक्त "निपाणी का?" विचारलं आणि आईनं "होय" सांगितलं.

तेव्हापासून आम्ही ओटे शोधायला शिकलो. चहाला थांबायचं तर जिथे पायरी आहे तिथे. पेट्रोल पंपावर कडेचा कठडा. गोकुळ शिरगावच्या पुढे एका मोरीची भिंत अगदी बरोब्बर उंचीची आहे. आपल्या रस्त्यांवर म्हाताऱ्या माणसाला उतरून परत चढायला किती कमी जागा आहेत, हे त्या निमित्तानं कळलं.

पहिल्या काही किलोमीटरात आईनं मला इतकं घट्ट धरलं होतं की श्वास घ्यायला त्रास झाला. मग पकड सैल झाली. मला स्वतःला फरक लगेच जाणवला. आजवर ती मागे बसली की मी नकळत उजवीकडे झुकायचे. आता झुकायचं कारण उरलं नव्हतं, तरी सवयीनं झुकत होते, आणि गाडी उजवीकडे ओढते आहे असं वाटायचं. ती सवय जायला दोन खेपा लागल्या. वळणावर ती माझ्याबरोबर कलत होती. कलायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दूधगंगेचा पूल ओलांडल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "हे असं दिसतंय होय?"

काय, म्हणून मी विचारलं. वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. नंतर कोगनोळीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा तिनं सांगितलं. लग्न झाल्यापासून ती या रस्त्यानं जातेय; आधी एसटीनं, मग गाडीवरून. गाडीवरून जाताना तिला कायम पूर्वेकडची शेतं दिसली, येताना पश्चिमेकडची. जातानाची झाडं वेगळी, येतानाची वेगळी. कुठल्या वळणावर डावीकडे कुठलं देऊळ येतं हे तिला पाठ आहे. पण रस्ता पुढून येताना कसा दिसतो, चढ कसा समोर उभा राहतो, पूल लांबून कसा दिसतो, हे तिनं गाडीवरून कधी पाहिलं नव्हतं. "सगळं एकदम अंगावर येतंय," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती.

निपाणीत शिरताना मला वाटलं, ती गल्लीच्या तोंडाशी उतरेल आणि पुढे चालत जाईल. माहेरची गल्ली आहे. तसं काही म्हणाली नाही. दारापर्यंत बसून राहिली, मग दगडी पायरीला गाडी लावायला सांगितली.

आजी दारात खुर्ची टाकून बसली होती. तिची नऊवारी अजून सुटलेली नाही. तरुणपणी ती तंबाखूच्या वखारीत काम करायची. बैलगाडीवर, पोत्यांवर, माळ्यावर चढणं-उतरणं सगळं काष्ट्यात. तिनं आईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. हेल्मेट, वेणी, ड्रेस, कमरेला बांधलेली ओढणी. मग म्हणाली, "नऊवारी नेसली असतीस तर कापडाचे पैसे वाचले असते की."

आई हसली. मामी हसली. मामीनं मग हळूच विचारलं, की असं बसल्यावर पाठ दुखत नाही काय? आई म्हणाली, नाही, उलट कमी दुखते. आडवं बसून पाठीला पीळ पडतो तो पडत नाही. मामी बराच वेळ गाडीकडे बघत होती.

यातून फार मोठं काही झालं असं मला म्हणायचं नाही. आई आजही लग्नाकार्याला साडीच नेसते आणि तेव्हा रिक्षानं जाते. आमच्या गल्लीतल्या बाकीच्या बायका जशा बसायच्या तशाच बसतात, आणि त्यांच्या गाड्यांना पायदान असलेलंच बरं. लोंबकळणाऱ्या पायांपेक्षा टेकलेले पाय केव्हाही चांगले. आमच्या गाडीच्या जाळीवर आता बोल्टांची दोन रिकामी भोकं दिसतात. गॅरेजवाल्यानं त्यात आखूड बोल्ट घालून दिलेत, जाळी खडखडू नये म्हणून.

एक सवय मात्र आईला नवी लागली आहे. गतिरोधक दिसला की ती माझ्या उजव्या खांद्यावर दोन बोटांनी टकटक करते आणि म्हणते, "हळू. पुढं आहे." मलाही तो दिसलेला असतो, माझा वेग आधीच कमी झालेला असतो. तरी ती सांगते. पट्टे असलेला असो, नसलेला असो, निपाणीत पोहोचेपर्यंत गावातले, सर्व्हिस रोडवरचे सगळे सांगते. मीही दर वेळी "होय" म्हणते. तो बरोबर कुठे आहे, किती उंच आहे, हे ती आधी बघून घेते, माझे खांदे धरते, आणि मग आम्ही दोघी त्यावरून जातो.